धाप वयाची नसते: म्हाताऱ्या कुत्र्याचा श्वास कसा ओळखावा

गेल्या चवथीच्या आधी आठवडाभर आमची राणी रात्रीची खोकू लागली. बारा वर्षांची पांढरी स्पिट्झ. खोकला असा की घशात काहीतरी रुतलंय आणि ते बाहेर काढायला ती धडपडतेय. शेवटी मान ताणून ‘ख्यॅक’ करायची आणि लादीवर थोडा फेस पडायचा. आई म्हणाली, “बांगड्याचा काटा लागला असणार.” मग कोरड्या भाताचे घास भरवले, मध चाटवला. दोन रात्री बऱ्या गेल्या, तिसऱ्या रात्री पुन्हा तेच. बलकांवाच्या, म्हणजे पुढच्या ओसरीच्या, तीन पायऱ्या चढताना ती दुसऱ्या पायरीवर थांबून आमच्याकडे बघायची. “वय झालं गं तिचं,” असं घरात सगळ्यांनी ठरवून टाकलं, आणि त्या एका वाक्यापायी आम्ही तीन आठवडे घालवले. काटा नव्हताच. तिच्या हृदयाची एक झडप गळत होती आणि फुप्फुसांत पाणी साचू लागलं होतं.

तेव्हापासून आमच्या चोडण बेटावर आणि आसपास कुणाचा म्हातारा कुत्रा धापायला लागला की लोक मला विचारतात. तीन वाक्यं हमखास ऐकू येतात: वय झालंय, उकाडा आहे, घशात काहीतरी अडकलंय. पण वयामुळे धाप लागत नाही. वयाबरोबर येणाऱ्या कुठल्या तरी दुखण्यामुळे लागते, आणि त्यातली बरीच दुखणी औषधाला दाद देतात. कुठलं दुखणं आहे हे शोधायला डॉक्टर लागतो. काहीतरी बिघडलंय हे वेळेत कळायला मात्र घरातलं माणूसच लागतं.

कुत्रा धापतो तेव्हा काय करत असतो?

आपण अंगभर घाम गाळून थंड होतो. कुत्र्याला ती सोय नाही. त्याला घाम येतो तो जवळजवळ फक्त पंजांच्या तळव्यांना. म्हणून तो जीभ बाहेर काढतो आणि भराभर उथळ श्वास घेऊन जिभेवरचा, तोंडातला ओलावा उडवतो. ओलावा उडताना अंगातली उष्णता घेऊन जातो. दोरीवरचे कपडे वाळतात तसंच हे. आणि जुलैमध्ये आपल्याकडे दोरीवरचे कपडे तीन-तीन दिवस वाळत नाहीत, हे गोव्यात कुणाला सांगायला नको. हवेतच इतकं पाणी असताना जिभेवरचं पाणी जाणार कुठे? म्हणून मे महिन्यातल्या चिकट दुपारी पारा फार वर गेलेला नसला तरी कुत्रा हैराण होतो, आणि म्हातारा, जाडजूड किंवा पगसारख्या चपट्या नाकाचा कुत्रा तर लवकरच थकतो.

म्हणजे दुपारी फिरून आल्यावरची धाप ठीक आहे. सावलीत, पंख्याखाली दहा-पंधरा मिनिटांत ती उतरायला हवी. कुत्र्याचं नेहमीचं तापमानच १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, त्यामुळे हाताला गरम लागला म्हणजे ताप आहे असं समजू नका. पण १०५ च्या वर गेला आणि भोवळ, लाळ, ओकारी सुरू झाली, तर तो उष्माघात. अंगावर साधं पाणी ओतत, पंखा लावून, तसंच इस्पितळ गाठायचं.

धापेला उन्हाशिवाय आणखीही कारणं असतात. सांधे दुखत असतील तर कुत्रा धापतो. नरकासुराच्या रात्री वाड्यावाड्यांवर साउंड सिस्टिम दणाणते तेव्हा भीतीने धापतो. स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तरी धापतो.

खरी श्वासाची अडचण निराळी दिसते, आणि इथेच घोटाळा होतो, कारण तिथे तोंड मिटलेलंही असू शकतं. जीभ बाहेर नाही, आवाज नाही, म्हणून आपल्याला वाटतं की शांत आहे. पण नीट बघा. प्रत्येक श्वासाला पोट आत खेचलं जातंय. पुढच्या पायांची कोपरं अंगापासून लांब ठेवून तो बसलाय, मान पुढे ताणलीय. आडवा होतो आणि लगेच उठतो, पुन्हा होतो, पुन्हा उठतो. झोपायला जागा मिळत नाही असं वाटतं. खरं तर पडलं की श्वासच पुरत नाही, म्हणून तो झोपत नाही.

तीसच्या आतला आकडा

या लेखातलं एकच काही लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. कुत्रा गाढ झोपलेला असताना त्याच्या बरगड्यांकडे बघा. छाती वर गेली आणि खाली आली, हा एक श्वास. मोबाईलवर तीस सेकंद लावा, येतील तेवढ्याची दुप्पट करा. स्वप्न पडून पंजे उडत असतील, तोंडातल्या तोंडात भुंकत असेल, तर थांबा आणि पाच मिनिटांनी मोजा.

निरोगी कुत्र्याचा हा आकडा मिनिटाला ३० च्या आत असतो, बहुतेकांचा वीसच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. दोन-तीनदा मोजूनही तो ३० च्या वर आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं. ४० च्या वर असेल, किंवा हिरड्या निळसर-राखाडी दिसत असतील, तर सकाळची वाट बघायची नाही. काही कुत्र्यांच्या हिरड्या मुळातच काळ्या असतात. त्यांची जीभ बघा, किंवा डोळ्याची खालची पापणी हलकेच ओढून आतला रंग बघा. तो गुलाबी हवा.

झोपेतच का मोजायचं? जागेपणी कुत्र्याचा श्वास शंभर कारणांनी वाढतो: पोदेराचा (पाववाल्याचा) भोंगा वाजला, मांजर दिसलं, ऊन लागलं. गाढ झोपेत यातलं काही नसतं. मग उरतो तो शरीराला खरोखर लागणारा श्वास. फुप्फुसात पाणी झिरपायला लागलं की हवेची देवाणघेवाण घटते आणि मेंदू ती तूट भरून काढायला श्वासांची गती वाढवतो. डोळ्यांना धाप दिसायच्या आधीच हा आकडा चढू लागतो.

राणीचे आकडे आम्ही स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहितो, दुधाच्या हिशेबाशेजारी. पहिल्या रात्रीच्या चौकोनात ३८ आहेत, आईच्या अक्षरात, पुढे प्रश्नचिन्ह. औषध सुरू झाल्यावर पुढचे चौकोन: २९, २४, २२, २२.

आत घेताना आवाज की बाहेर सोडताना?

डॉक्टर हा प्रश्न विचारतात, कारण त्यावरून बिघाड कुठे आहे याचा अंदाज येतो. ढोबळमानाने, श्वास आत घेताना त्रास आणि मोठा आवाज असेल तर अडचण नाक-घशात. बाहेर सोडताना जोर लावावा लागत असेल किंवा छातीत शिट्टी वाजत असेल, तर छातीच्या आतल्या श्वासनळ्यांत. आवाज फारसा नाही, पण श्वास भराभर चाललाय, तर फुप्फुसात, फुप्फुसाभोवती किंवा रक्तात. बोलून सांगण्यापेक्षा मोबाईलवर वीस सेकंदांचं चित्रीकरण करून न्या. दवाखान्याच्या टेबलावर चढवलं की घाबरलेला कुत्रा वेगळाच श्वास घेतो.

घशातलं म्हातारपणीचं एक दुखणं आपल्याकडच्या लॅब्राडोरांत बघायला मिळतं. श्वासनळीच्या तोंडाशी दोन लहान पाकळ्या असतात. श्वास आत घेताना त्या बाजूला सरकून वाट देतात. त्यांना हलवणारी नस वयाबरोबर कमजोर झाली की पाकळ्या सैल पडून वाटेतच लोंबतात. भिजलेल्या कागदी स्ट्रॉने शहाळं प्यायला बघा: जितकं जोरात ओढाल तितकी ती चपटी होते. कुत्र्याचं तसंच होतं. धाप लागली की तो जोरात ओढतो, ओढलं की वाट आणखी मिटते, मिटली की तो घाबरतो, आणि अंग तापत जातं. मे महिन्यात अशा कुत्र्यांच्या अर्ध्या तासात जिवावर बेततं. याची पहिली खूण महिनोन् महिने आधी येते: भुंकणं बसकं, घोगरं होतं. मागचे पायही किंचित लटपटू लागलेले असतात, कारण तेच नसांचं दुखणं हळूहळू तिथेही पोचतं. वजन उतरवणं, गळ्याऐवजी छातीचा पट्टा, आणि उन्हाच्या वेळी घरातच ठेवणं, एवढ्यावर सौम्य त्रास आवरतो. फार असेल तर शस्त्रक्रिया करून एका बाजूची पाकळी कायमची उघडी बांधून ठेवतात. श्वास मोकळा होतो, पण दार उघडंच राहिल्यामुळे अन्न-पाणी फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होण्याचा धोका जन्मभर सांभाळावा लागतो.

इथेच एक गोष्ट बजावून सांगायची आहे. आवाज बदलला, लाळ गळते, गिळता येत नाही, ही लक्षणं रेबीजचीही आहेत. गोवा २०२१ साली रेबीज-नियंत्रित म्हणून जाहीर झाला, हे मोठंच काम आहे. पण नियंत्रित म्हणजे नाहीसा नव्हे. लस न टोचलेल्या किंवा अनोळखी कुत्र्याच्या तोंडात ‘हाड अडकलंय का बघू’ म्हणून हात घालू नका.

पॉमेरेनियन, स्पिट्झ यांसारख्या लहान कुत्र्यांत श्वासनळीच सैलावते. ती उघडी ठेवायला कूर्चेची कडी असतात. ती मऊ पडली की बागेच्या पाइपवर पाय पडावा तशी नळी चपटते. कुणी पाहुणा आला, गळ्याचा पट्टा ओढला गेला, की हंसाच्या ओरडण्यासारखा कोरडा, भोंग्यासारखा खोकला. आवाज भयंकर, पण असा कुत्रा झोपेत बहुधा शांत श्वास घेतो. खोकला खूप आणि झोपेतला आकडा तीसच्या आत, तर संशय आधी श्वासनळीवर. खोकला आणि आकडाही चढलेला, तर फुप्फुसावर. म्हाताऱ्या लहान कुत्र्यात दोन्ही एकत्रही असतात, आणि मग भल्याभल्यांना कोडं पडतं.

बाकीची कारणं थोडक्यात. ताप, मरगळ आणि ओला खोकला म्हणजे न्यूमोनिया असू शकतो. न्युटरिंग न केलेल्या म्हाताऱ्या कुत्रीच्या स्तनांत गाठ असेल तर ती कर्करोगाची असू शकते आणि तो फुप्फुसात पसरू शकतो, म्हणून पोटावरून हात फिरवून गाठी बघत जा. डासांमधून जाणारे हृदयकृमी हे दमट प्रदेशातलं आणखी एक कारण आहे. ते रक्ताच्या चाचणीत कळतं.

मानस आणि झडप

राणीचं दुखणं मला डॉक्टरांनी हृदयाचं चित्र काढून समजावलं. पण ते खरं डोक्यात शिरलं ते घरी परतताना बांधावरून चालत असताना.

खाजन शेतीच्या, म्हणजे खाऱ्या नदीकाठच्या शेतांच्या, बांधाला मानस म्हणजे पाण्याचं दार असतं, हे आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक आहे. ओहोटीला शेतातलं पाणी फळ्यांची दारं ढकलून नदीत जातं. भरती आली की नदीचं पाणीच ती दारं दाबून बंद करतं. कुणी उघडायला नको, कुणी लावायला नको. एका दिशेने वाट, दुसऱ्या दिशेने भिंत.

हृदयाच्या डाव्या बाजूला नेमकं हेच आहे. वरच्या कप्प्यात फुप्फुसांतून शुद्ध रक्त येतं आणि झडप ढकलून खालच्या कप्प्यात उतरतं. मग खालचा कप्पा जोरात आवळतो. त्या दाबानेच झडप मिटते आणि रक्ताला पुढे, अंगभर जाण्यावाचून गत्यंतर राहत नाही. ही मायट्रल झडप. वय वाढलं की तिच्या पातळ पाकळ्या जाड, गाठाळ होतात, त्यांना धरून ठेवणारे दोरे सैलावतात, एखादा तुटतोही. मानसाच्या फळ्या कुजल्या, दार चौकटीत बसेना, म्हणजे काय होतं? भरतीचं पाणी फटीतून शेतात येतं. इथेही प्रत्येक ठोक्याला थोडं रक्त उलटं वर जातं. वरचा कप्पा फुगतो. त्याच्यामागे फुप्फुसांतून येणाऱ्या रक्तवाहिन्या आहेत. त्या तुंबतात, आणि त्यांच्यातलं पाणी हवेच्या पिशव्यांत पाझरू लागतं. पाणथळ झालेल्या शेतात भात कसा उभा राहणार?

फटीतून जाणाऱ्या रक्ताचा सळसळाट डॉक्टरांना छातीला नळी लावून ऐकू येतो. त्याला मर्मर म्हणतात आणि १ ते ६ अशा पायऱ्यांनी मोजतात. मर्मर असली म्हणजे लगेच धाप लागते असं नाही. कित्येक कुत्री ती घेऊन वर्षानुवर्षं मजेत राहतात. पण फुगलेला कप्पा श्वासनळीच्या फांद्यांना खालून दाबू लागला की खोकला येतो. राणीचा ‘काटा’ तो हा.

हा आजार अगदी नित्याचा आहे. कुत्र्यांच्या हृदयविकारांत सुमारे तीन चतुर्थांश वाटा याच झडपेचा, असं अमेरिकेतल्या पशुवैद्यकांची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात, आणि ओझं मुख्यतः लहान जातींवर. डॉबरमन, ग्रेट डेन अशा मोठ्या जातींत दुसरा प्रकार जास्त: झडप नव्हे, हृदयाचा स्नायूच सैल पडून ते पिशवीसारखं ताणलं जातं.

“ब्लॉकेज आहे का? अँजिओप्लास्टी करतात का?” असं आमच्या शेजाऱ्यांनी विचारलं. प्रश्न साहजिक आहे, पण माणसासारखं रक्तवाहिन्यांत चरबी साचून हार्ट अटॅक येणं कुत्र्यांत फार विरळ. त्यांचं दुखणं बहुतेक वेळा झडपेचं नाहीतर स्नायूचं.

फेरीबोटी कमी पडल्या की

हृदय ठणठणीत, फुप्फुसं स्वच्छ, तरी कुत्रा धापतोय, असंही होतं. रायबंदरच्या धक्क्यावर उभं राहिल्यासारखं समजा. माणसं भरपूर, नदी शांत, पण फेरीबोटी चारऐवजी एकच चालू. मग त्या एका बोटीला धावून धावून खेपा माराव्या लागतात. रक्तातल्या तांबड्या पेशी म्हणजे या बोटी. त्या प्राणवायू वाहून नेतात. त्या घटल्या की हृदय आणि श्वास दोन्ही धावत सुटतात.

आपल्याकडे बोटी बुडवणारा नेहमीचा आरोपी म्हणजे गोचीड. गोचिडीच्या चाव्यातून जाणारे जंतू तांबड्या पेशी फोडतात किंवा रक्त गोठवणाऱ्या पेशी संपवतात. हिरड्या फिकट पांढुरक्या, भूक मेलेली, कधी लघवी चहासारखी, कधी नाकातून रक्त: ही गोचीड-तापाची चिन्हं. कान उलटे करून, बोटांच्या बेचक्यांत, शेपटीखाली गोचीड शोधा. रक्ताच्या साध्या तपासणीत निदानाची दिशा मिळते आणि वेळेत औषध गेलं तर म्हातारा कुत्राही यातून उठतो. म्हणूनच ‘हृदयच असणार’ असं आधी ठरवून बसू नये.

एक्स-रे आधी का काढत नाहीत?

आम्ही राणीला नेलं तेव्हा माझा पहिला हट्ट हाच होता. लवकर फोटो काढा, लवकर कळू दे. डॉक्टरांनी तिला आधी ऑक्सिजनचा मास्क धरला, एक इंजेक्शन दिलं आणि कोपऱ्यात अंधार करून नुसतं बसू दिलं. मला ते वेळ घालवणं वाटलं. आता कळतं, ते बरोबर होतं. फुप्फुसात पाणी असलेल्या कुत्र्याला फोटोसाठी उताणं दाबून धरलं तर टेबलावरच त्याचा श्वास थांबू शकतो. आधी प्राणवायू, मग घाबरटपणा कमी करणारं हलकं औषध, पाण्याचा संशय असेल तर ते उतरवणारं इंजेक्शन, आणि श्वास जरा बसला की फोटो. फुप्फुसाभोवती पाणी साचलं असेल तर सुईने काढतात. ते निघालं की कुत्रा डोळ्यांदेखत सैलावतो.

एक्स-रेमध्ये हृदय मोठं झालंय की नाही हे ठरवण्याची पद्धत मला फार आवडली. कुत्रा पगएवढा की ग्रेट डेनएवढा, सेंटीमीटर सांगून उपयोग नाही. म्हणून त्याच्याच पाठीच्या मणक्यांची फूटपट्टी करतात: हृदयाची लांबी-रुंदी मिळून किती मणके भरतात ते मोजतात. साधारण साडेआठ ते साडेदहा मणके म्हणजे ठीक, जातीप्रमाणे थोडं कमी-अधिक. राणीचं बारा भरलं. झडप प्रत्यक्ष कशी गळतेय ते इको म्हणजे सोनोग्राफीत दिसतं.

कोविडच्या दिवसांत घेतलेला बोटाचा ऑक्सिमीटर कुत्र्याच्या पंजाला लावून बघणारे बरेच आहेत. केस, काळी कातडी आणि हालचाल यांमुळे तो भलतेच आकडे दाखवतो. त्यापेक्षा श्वास मोजा.

नेताना: मांडीवर आडवा झोपवू नका, त्याला हवा तसा बसू द्या. गळ्याचा पट्टा काढा. तोंडात पाणी, दूध, मध काही ओतू नका, ते सरळ फुप्फुसात जाऊ शकतं. निघताना फोन करा म्हणजे ऑक्सिजन तयार ठेवतील. आणि हे दिवसाउजेडी, कुत्रा बरा असतानाच विचारून ठेवा: आपल्या भागात ऑक्सिजन कुणाकडे आहे, रात्री कोण दार उघडतं. आम्हाला फेरी चुकली की डिचोलीकडून वळसा. तो अर्धा तास आधी मनात धरलेला असला की हातपाय गळत नाहीत.

गोळ्या नेमकं काय करतात?

झडप दुरुस्त करत नाहीत, हे आधी सांगते. झडपेची शस्त्रक्रिया जगातल्या मोजक्याच केंद्रांत होते. आपल्या आवाक्यातलं म्हणजे गोळ्या.

फ्युरोसेमाइड ही पाण्याची गोळी शेतात शिरलेलं पाणी पंपाने उपसण्यासारखी आहे. मानस तसाच गळका, पण शेत मोकळं राहतं. पाणी लघवीवाटे जातं, म्हणून कुत्रा खूप लघवी करतो आणि खूप पाणी पितो. “पाणी साचतंय ना, मग कमी पाजू या,” असं आमच्या घरातही निघालं होतं. ते कधीही करू नका. पाण्याचं भांडं सतत भरलेलं हवं, नाहीतर मूत्रपिंडं कोरडी पडतात.

पिमोबेंडन दोन कामं करतं: हृदयाचं आवळणं जोरदार करतं आणि पुढच्या रक्तवाहिन्या सैल करतं. पुढची वाट सोपी झाली की उलटं जाणारं रक्त घटतं. दिवसातून दोनदा, खाण्याच्या तासभर आधी दिलं तर ते चांगलं लागू पडतं. या औषधाबद्दल एक महत्त्वाची गोष्ट २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या ३६० कुत्र्यांच्या अभ्यासातून कळली: हृदय मोठं झालंय, पण धाप अजून लागलेली नाही, अशा कुत्र्यांना ते सुरू केलं तर हृदय निकामी होण्याची वेळ सुमारे पंधरा महिन्यांनी लांबते. कुत्र्याच्या आयुष्यात पंधरा महिने म्हणजे केवढे! म्हणून लसीला नेलं की “मर्मर ऐकू येते का?” असं विचारा. सातव्या-आठव्या वर्षानंतर दर खेपेला विचारा. आम्ही कधी विचारलंच नाही.

याशिवाय बेनाझेप्रिल किंवा एनालाप्रिल आणि स्पायरोनोलॅक्टोन देतात. रक्त पुढे कमी जातंय असं दिसलं की शरीराला वाटतं पाणीच कमी पडलं, आणि ते मीठ-पाणी धरून ठेवायला लागतं. भरलेल्या शेतात आणखी पाणी. या गोळ्या तो गैरसमज आवरतात.

“पण पाण्याच्या गोळीने किडनी जाते ना?” भीती खोटी नाही. मूत्रपिंडांवर ताण येतो, रक्तातलं पोटॅशियम घटू शकतं. म्हणूनच सुरुवातीला आठवडा-दोन आठवड्यांत आणि मग काही महिन्यांनी रक्त तपासतात आणि मात्रा कमी-जास्त करतात. पण किडनीच्या भीतीने गोळी आपल्या मनाने बंद केली तर दोन-चार दिवसांत कुत्रा पुन्हा पाण्यात बुडतो.

आहारात मुख्य शत्रू मीठ. सुकट, खारा बांगडा, पापड, लोणच्याचा भात, ताटातलं उरलेलं हुमण (माशाची आमटी) हे सगळं बंद. मीठ न घालता उकडलेला ताजा मासा काटे काढून आणि भात चालतो. आईला हे सर्वांत जड गेलं. बारा वर्षं राणी तिच्या हातची सुकट खाऊन मोठी झाली होती.

माणसाचंच औषध दिलं तर?

फार्मासीत मिळणारी काही औषधं कुत्र्यांनाही तीच असतात, म्हणून हा मोह होतो. मात्रा वजनावर ठरते, आणि चुकीचं औषध जीव घेतं. पॅरासिटामॉल यकृताला मारक. आयबुप्रोफेन पोट आणि मूत्रपिंडाला. साखरविरहित खोकल्याच्या औषधात झायलिटॉल असेल तर रक्तातली साखर धाडकन उतरते. आजोबांचा दम्याचा पंप हाताला लागेल असा ठेवू नका; कुत्र्याने चावून फोडला तर एकाच वेळी सगळं औषध अंगात जाऊन हृदय बेफाम धावतं. जुनाट श्वासनलिकादाह असलेल्या कुत्र्यांना पंपातून औषध देतातही, पण त्यासाठी वेगळा मास्क असतो आणि ते डॉक्टर शिकवतात.

डासांची अगरबत्ती आणि धूप कुत्रा झोपतो त्या खोलीत नको. हे फुकटचं औषध आहे.

इतकं वय झालेल्याला कशाला छळायचं?

हा प्रश्न प्रेमातून येतो, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवं. दिवसातून दोनदा गुळाच्या खड्याएवढ्या पोळीत गुंडाळलेली गोळी हा छळ नाही. रात्रभर बसून, मान ताणून, डोळे मिटत असताना न झोपणं हा छळ आहे. हृदय निकामी होऊन पाणी साचल्यावरही औषधावर कुत्री काही महिने ते वर्ष-दीड वर्ष, काही त्याहून अधिक, खातात, झोपतात, फाटकापर्यंत धावतात. खर्च आहे आणि तो जन्मभराचा आहे. पण मात्रा वजनावर असल्याने लहान कुत्र्याला तो बराच आवाक्यात राहतो. पैसे कमी असतील तर डॉक्टरांना सरळ सांगा. सगळ्या तपासण्या एकदम कराव्या लागत नाहीत. कुठली आज हवी आणि कुठली थांबेल हे ते सांगू शकतात.

थांबायची वेळही येते. मात्रा वाढवत नेऊनही आकडा खाली येत नाही, दर आठवड्याला ऑक्सिजनला न्यावं लागतंय, खाणं सुटलंय, झोप नाही. तेव्हा डॉक्टर आधी गुंगीचं इंजेक्शन देतात. कुत्रा गाढ झोपतो, मग दुसरं. गुदमरत, एकट्याने जाण्यापेक्षा ते फार शांत असतं. हा निर्णय मध्यरात्री, फेरीच्या धक्क्यावर, रडत घेण्याचा नाही. घरात आधी बोलून ठेवण्याचा आहे.

आम्ही बोललो. वेळ आली तर घरी याल का, असं डॉक्टरांना मी विचारून ठेवलंय. येईन म्हणाले. फक्त भरपावसात वाटेवर पाणी चढलं असेल तर तिला बांधापर्यंत उचलून आणावं लागेल.

काल रात्री २३ होते.